फवाऱ्याआधी शिवार बघा

२०२० च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्य प्रदेशातून टोळधाड विदर्भात उतरली. अमरावती जिल्ह्यातलं मोर्शी-वरुड, वर्धा जिल्ह्यातलं आष्टी, नागपूर जिल्ह्यातलं काटोल-नरखेड हा सगळा संत्रापट्टा हादरून गेला. लॉकडाऊन होता, तरी माणसं रात्ररात्र बागांमध्ये होती. डबे बडवले, टायर जाळून धूर केला, अग्निशमनच्या बंबांतून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक फवारलं. टोळ दिवसा उडतो, संध्याकाळी झाडावर बसतो आणि सकाळी अंगावर ऊन आल्याशिवाय हलत नाही. म्हणून फवारणीची वेळ रात्रीपासून पहाटेपर्यंतची. कृषी सहायकांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून त्या रात्री जागून काढल्या, त्याचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही.

तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: ही आली कुठून? त्याचं उत्तरही मिळालं. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानातल्या रब-अल-खाली या ओसाड वाळवंटावर बरसली. वाळूत पाणी साचलं, हिरवळ उगवली आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत तिथं टोळांच्या तीन पिढ्या झाल्या. तिथून येमेन, इराण, पाकिस्तान, राजस्थान करत धाड आपल्यापर्यंत पोचली.

दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. आली ती आली, पण बसली कुठं आणि तिथंच का? मे महिन्यात विदर्भाचं रान उघडं असतं. कापसाची, सोयाबीनची, तुरीची वावरं नांगरून, वखरून पावसाची वाट बघत पडलेली असतात. हिरवं म्हणाल तर संत्र्याच्या बागा, विहिरीच्या पाण्यावरचा भाजीपाला, कुठं उन्हाळी मूग. मैलोन्‌मैल तपकिरी जमीन आणि मध्ये हिरवे तुकडे. धाड नेमकी त्या तुकड्यांवर बसली.

माझं म्हणणं याच दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. कीड किती वाढेल, कुठं एकवटेल आणि तिची धाड कधी होईल, हे ठरण्यात रानात अन्न कसं पसरलं आहे याचा फार मोठा वाटा असतो. शेतीच्या मुलखात ते अन्न पसरवणारे आपण असतो. तरीही विदर्भातली पीकसंरक्षणाची सगळी यंत्रणा, सरकारी काय आणि कृषी केंद्रांच्या काउंटरवरची काय, किडे मोजते, औषध सुचवते आणि नुकसान झाल्यावर पंचनामा करते. शिवारात पीक कसं मांडलंय हा प्रश्न तिच्या कामातच येत नाही. हे बदललं पाहिजे, आणि ते एकेका शेतकऱ्याच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही.

आधी टोळाचंच बघू, कारण या विषयावर सगळ्यात बारकाईचं काम टोळावर झालंय.

वाळवंटी टोळ मुळात एकटा राहणारा किडा आहे. रंगानं मातकट-हिरवा, रात्री उडणारा, दुसरा टोळ दिसला की बाजूला सरकणारा. हाच किडा दाटीत सापडला की बदलतो. रंग पालटतो, दिवसा उडू लागतो, दुसऱ्या टोळांकडे ओढला जातो. एकटा टोळ आणि थव्यातला टोळ या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, हा सिद्धांत बोरिस उवारोव या शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये मांडला. त्याआधी दोघांना वेगवेगळ्या जाती समजत.

हा बदल कशानं घडतो याचा शोध घेताना ऑक्सफर्डमध्ये स्टीफन सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही साधे पण फार बोलके प्रयोग केले. टोळ तेवढेच, अन्नही तेवढंच, फक्त मांडणी वेगळी. एकीकडे अन्न बऱ्याच ठिकाणी विखरून ठेवलं, दुसरीकडे तेच अन्न एका जागी गोळा करून ठेवलं. जिथं अन्न विखुरलेलं होतं, तिथं टोळ आपापल्या जागी खात राहिले आणि एकटेच राहिले. जिथं ते एकवटलेलं होतं, तिथं एकमेकांना टाळणारे टोळही भुकेपोटी एकाच जागी आले, अंगाला अंग घासलं आणि त्यांचा स्वभाव पालटला. पुढं असंही दिसलं की टोळाच्या मागच्या पायाच्या मांडीला ब्रशनं वारंवार स्पर्श केला, तरी चार तासांत तो थव्यातल्यासारखा वागायला लागतो. २००९ मध्ये या बदलामागचं रसायनही सापडलं: सेरोटोनिन, माणसाच्या मेंदूतही असणारं. आणि दाटीत राहिलेल्या मादीच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं जन्मतःच थव्याकडे कलणारी असतात, म्हणजे एका पिढीतली दाटी पुढच्या पिढीच्या अंगात उतरते.

यातली गोष्ट नीट लक्षात घ्या. अन्न कमी नव्हतं. एकूण अन्न दोन्हीकडे सारखंच होतं. थवा झाला तो मांडणीमुळे. वाळवंटात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. पाऊस झाला की हिरवळ सगळीकडे, टोळ वाढतात पण विखुरलेले असतात. मग हिरवळ वाळत जाते, तुकड्या-तुकड्यांत उरते, वाढलेली सगळी संख्या त्या तुकड्यांवर येऊन दाटते, आणि तिथं धाड जन्माला येते. सुबत्तेनं संख्या वाढते आणि सुबत्ता आकसताना दाटी होते. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि असा थवा दिवसाला सुमारे ३५,००० माणसांच्या जेवणाइतकं खातो.

अन्नाचा कसही यात येतो. चीनमधल्या इनर मंगोलियाच्या गवताळ पट्ट्यातल्या एका टोळाबद्दल २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की जिथं जनावरं बेसुमार चारली गेली, तिथल्या गवतातला नत्र घटला, आणि या टोळाला तर कमी नत्राचंच गवत मानवतं. तिथं त्याची संख्या वाढली. माणसानं रान जसं वापरलं, तसं किड्यानं उत्तर दिलं.

आता विदर्भाच्या वावरात येऊ. टोळाचा नियम कपाशीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे आधीच सांगतो. गुलाबी बोंडअळी थवा करत नाही, तिची पिल्लं एकमेकांना घासून बदलत नाहीत. उलट ती बोंडात एकेकटी लपून बसते. पण अन्न कुठं आहे, किती सलग आहे आणि वर्षातले किती महिने आहे, यावर तिचं सगळं गणित चालतं. टोळाच्या बाबतीत मांडणी जागेची होती. बोंडअळीच्या बाबतीत ती जागेची आहे आणि काळाचीही.

ऑगस्टच्या शेवटी कपाशीच्या वावरात सकाळी फिरलात तर काही फुलं नीट उमललेली दिसत नाहीत. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुंडाळून चिकटलेल्या असतात. ही डोमकळी. ती बोटांनी उकलली की आत परागकण खात बसलेली बारीक अळी सापडते. पुढं ती बोंडात शिरते. शिरतानाचं भोक बुजून जातं, म्हणून बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. ऑक्टोबरात ते फोडावं तर आत सरकी पोखरलेली, रुई पिवळट डागाळलेली. कधी कधी तर अळीनं दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत आपली जागा केलेली असते. एकदा ती आत गेली की वरून कोणतंही औषध मारा, ते बोंडाच्या सालीवरून ओघळून जातं. बोंडअळीच्या वर्षात शेतकरी फवारणीमागून फवारणी का करतो आणि तरी हाती काही का लागत नाही, याचं उत्तर या एका बोंडात आहे.

ही अळी कपाशीवर जगते. भेंडी-अंबाडीसारख्या तिच्या कुळातल्या पिकांवर थोडीफार सापडते, पण विदर्भात तिचं खरं अन्न कापूसच. त्यामुळे शिवारच्या शिवार कपाशीचं झालं, की तिच्यासाठी एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत अन्नात खंड उरत नाही. त्यात २००२ मध्ये बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं कपाशीचं बियाणं आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं, आणि जवळपास सगळा कापूस बीटी झाला. आता संपूर्ण शिवारातलं अन्न एकाच प्रकारचं आणि त्याच त्या विषांनी भरलेलं. त्या विषांना दाद न देणारी मूठभर अळी जिथं कुठं होती, तिला सगळं रान मोकळं मिळालं. गुजरातेत प्रतिकाराची चिन्हं आधी दिसली आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात बोंडं सडली.

हे होऊ नये म्हणून नियमात एक तजवीज होती आणि ती अन्नाच्या मांडणीचीच होती. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं पाकीट यायचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं, म्हणजे तिथं विषाला बळी पडणारी अळी जगेल, तिचे पतंग प्रतिकार असलेल्या पतंगांशी मिळतील आणि प्रतिकार पातळ होत जाईल. आश्रयाची ओळ म्हणजे शत्रूला जागा देऊन त्याचं बळ मोडणं. हे पाकीट किती जणांनी पेरलं? फारच थोड्यांनी. दोष मी शेतकऱ्याला देणार नाही. पाच एकरवाल्यानं कडेच्या ओळी अळीला खाऊ घालायच्या आणि फायदा सगळ्या तालुक्याला, असा तो व्यवहार होता. त्या पाकिटाचा अर्थ त्याला कुणी समजावला नाही, आणि त्यातल्या बियाण्याची उगवणही पुष्कळदा धड नसायची. पुढं तेच साधं बी बीटीच्या पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, ती दहा-पंधरा वर्षं आधी यायला हवी होती.

चीनच्या यांगत्से खोऱ्यातलं उदाहरण इथं बोलकं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित बीटी कपाशीचं दुसऱ्या पिढीचं बी पेरायला सुरुवात केली, तर त्यात बिगरबीटी झाडं आपोआप मिसळलेली निघाली, आणि गुलाबी बोंडअळीतला वाढू लागलेला प्रतिकार पुन्हा घटला. तिथं कुणी नवं औषध आणलं नव्हतं. अन्नाची मिसळ बदलली होती.

आता काळाची मांडणी. शेवटची वेचणी डिसेंबरात उरकायला हवी. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे, तो कपाशीला पाणी देतो, पुन्हा पाती (फुलांच्या कळ्या) आणि बोंडं धरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेचा चालतो. ही फरदड. हातात चार पैसे येतात, ते नाकारता येत नाहीत. पण तेवढे महिने अळीचं अन्न चालू राहतं. उलट्या टोकाला, पाणी असलेला शेतकरी मे महिन्यातच लागवड करतो. बोंडअळी उन्हाळाभर सरकीत, मातीत, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडांना लटकलेल्या किडक्या बोंडात निपचित पडलेली असते आणि पावसाच्या सुमारास तिचे पतंग बाहेर पडतात. त्या वेळी रानात पातं नसलं, तर पतंगांची ती पिढी बरीचशी अंडी न घालता मरते. मे महिन्यात लावलेली कपाशी मात्र जूनअखेरपासून पाती घेऊन उभी असते. पहिल्या पिढीला ठिकाणा मिळतो. ऑगस्टात जेव्हा कोरडवाहू कपाशी फुलावर येते, तेव्हा दुसरी पिढी तिच्यावर तुटून पडायला तयार असते.

याचा अर्थ असा की ओलिताच्या वावरात कीड तयार होते आणि भोगतो कोरडवाहूवाला. हा फक्त कीटकशास्त्राचा प्रश्न राहत नाही, न्यायाचा होतो. आमच्याकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याला मी कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी वाढवण्याबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "मी एकट्यानं केलं त काय होते, भाऊ? धुऱ्याच्या त्या अंगाले कापूसच हाय. त्याचा पतंग मले इचारून येते का?" या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही एकट्या शेतकऱ्यापुरतं उत्तर नाही. पतंगाला गट नंबर कळत नाही. ज्या गोष्टीचा परिणाम धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे जातो, तिचा निर्णय धुऱ्याच्या आत घेता येत नाही.

हे समजून न घेता सगळा भार फवाऱ्यावर टाकला की काय होतं, ते यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्येच पाहिलं. माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली दाट कपाशी, त्यात चालत वर नळी धरून फवारा, दोन-तीन औषधांचं मिश्रण, ना हातमोजे ना मास्क. २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मेलेल्यांमध्ये रोजीनं फवारणी करणारे होते. ज्यांचं स्वतःचं बोंडही नव्हतं, त्यांनी दुसऱ्याच्या बोंडासाठी जीव दिला. त्याच वर्षाच्या हिवाळी अधिवेशनात सरकारनं कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर केली. नुकसान झाल्यावर एवढी रक्कम जाहीर करणारं सरकार त्याचा एखादा हिस्सा ते होण्याआधी, शिवाराच्या मांडणीवर खर्च करायला तयार नसतं. माझी तक्रार नेमकी ही आहे.

धानपट्ट्याबद्दल थोडक्यात. भंडारा-गोंदियाकडं तपकिरी तुडतुडा लागला की धान गोल गोल चट्ट्यांत करपतो. हा तुडतुडा दोन प्रकारचा असतो, आखूड पंखांचा आणि लांब पंखांचा. अन्न चांगलं आणि गर्दी कमी, तोवर आखूड पंखांच्या माद्या जागेवर बसून भराभर पिल्लं घालतात. गर्दी झाली, धान पिकून कस उतरला, की पुढची पिढी लांब पंखांची निघते आणि दुसऱ्या बांध्यांकडं, म्हणजे धानाच्या वाफ्यांकडं उडते. इनर मंगोलियातल्या टोळाच्या उलट याला नत्र भरपूर लागतो, म्हणून युरियाचा मारा आणि दाट रोवणी त्याच्या पथ्यावर पडते. ठरावीक ओळींनंतर पट्टा मोकळा सोडायचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. लष्करी अळीही दाटीत वाढली की काळपट होते आणि एक बांधी संपली की दुसरीकडं निघते. किडे वेगवेगळे, त्यांच्या गरजाही वेगवेगळ्या. म्हणून कुठल्याही गावाला लागू पडेल अशी एकच मांडणी सांगता येत नाही, ती पिकागणिक आणि किडीगणिक बसवावी लागते.

इथं जुन्या काळाचं गुणगान करणाऱ्यांशीही माझा वाद आहे. पूर्वी वावरात ज्वारी, तूर, मूग, कडेला अंबाडी असायची म्हणून कीड नव्हती, असं सांगितलं जातं. कीड होती. १९९० च्या दशकात हिरव्या बोंडअळीनं कापूसवाल्यांना कसं रडवलं ते आठवणारे लोक गावोगावी आहेत. आणि मिसळ म्हणजे कोणतीही मिसळ चांगली, असंही नाही. कपाशीशेजारी भेंडी लावली तर बोंडअळ्यांना आणि पांढऱ्या माशीला आणखी एक घर मिळतं. तूर असली तर हिरवी अळी दोन्हीकडं जाते. जुन्या पद्धतीतलं मोलाचं होतं ते एवढंच, की सलग एकच अन्न मैलभर पसरलेलं नसायचं. तेवढं आजच्या ज्ञानानं परत आणता येतं.

ज्वारी का गेली, याचाही विचार करा. सोयाबीनचा पैसा लवकर येतो हे एक कारण. पण गावात कुणालाही विचारा, तो रानडुकराचं आणि रोह्याचं (नीलगायीचं) नाव घेईल. कणसं भरली की पाखरं आणि रात्री डुकरांचे कळप. राखणीला माणूस मिळत नाही, कापणीला मजूर मिळत नाही. सगळं शिवार सोयाबीन-कपाशीचं आणि त्यात एकट्याची ज्वारी, तर परिसरातलं प्रत्येक पाखरू त्याच्याच वावरात उतरणार. मांडणीचा नियम इथंही लागू होतो. एकटा वेगळं पेरेल तर तोच बुडेल. म्हणून जो शेतकऱ्याला 'मिश्र पीक घ्या' असा उपदेश करून निघून जातो, त्यानं आधी रात्रीच्या राखणीला थांबावं.

पऱ्हाटीचंही तसंच. जानेवारीत कपाशी उपटून तिचे काड नष्ट करा, असा सल्ला दरवर्षी दिला जातो. बरोबर आहे, कारण त्या काडांवरच्या किडक्या बोंडांत अळी उन्हाळा काढते. पण खेड्यात घराशेजारी रचलेली पऱ्हाटीची गंजी हे वर्षभराचं जळण आहे. गॅसची शेगडी घरात आली, तरी भरलेला सिलिंडर परवडत नाही तिथं चूल पऱ्हाटीवरच पेटते. त्या घरातल्या बाईला गंजी जाळून टाक म्हणून सांगण्याआधी तिच्या चुलीची सोय काय, हे सांगावं लागेल. काड बारीक करण्याचं यंत्र गावात ठेवा, तो चुरा विकत घेणारा आणा, सिलिंडरचा भार उचला. नुसत्या पत्रकानं गंजी हलणार नाही. जिनिंगच्या आवारात साठलेल्या कापसातून आणि सरकीतून निघणाऱ्या पतंगांचीही जबाबदारी जिनिंगवाल्यांवर टाकायला हवी, कारण ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

हे सगळं मुलखाच्या पातळीवर करता येतं, याचा पुरावा अमेरिकेत आहे. तिथं ठरावीक तारखेच्या आत सगळ्यांनी काड गाडायचे असा नियम, बीटी कपाशी आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग सोडणं अशा उपायांनी गुलाबी बोंडअळी देशातल्या कापूसपट्ट्यातून संपवली गेली आणि २०१८ मध्ये तसं जाहीर झालं. आपली शेती तुकड्या-तुकड्यांची आहे, शेतकरी लाखोंनी आहेत, ती पद्धत जशीच्या तशी इथं चालणार नाही. पण तारखेची शिस्त सगळ्या परिसरानं पाळली तर काय होतं, ते तिथं दिसलं.

आपल्याकडं साधनं नाहीत असंही नाही. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर राज्यानं क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. गावोगाव निरीक्षणं घेतली जातात, मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की इशारा निघतो. चांगली व्यवस्था आहे, पण ती किडा आल्यावर जागी होते. दुसरीकडं २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या गटातलं पीक नोंदवतो. म्हणजे कोणत्या गावात कोणत्या गटांत सलग कापूस आहे, कुठं तूर आहे, कुठं सोयाबीन, हे सरकारच्या हाती आहे. या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर मागच्या हंगामाचा नकाशा पुढच्या पेरणीच्या आधी गावासमोर ठेवता येईल: या पट्ट्यात कपाशी सलग आहे, या विहिरींवर मेची लागवड आणि फरदड झाली, बोंडअळी इथून पसरली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडं हे वाचून दाखवण्याइतकं ज्ञान नक्की आहे.

त्यावर गावानं ठरवायचं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात विदर्भातल्या कितीतरी गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला, किती पडलं, किती अडवलं, कोणत्या पिकाला किती लागलं. तसाच पिकाच्या मांडणीचा ताळेबंद मे महिन्यात ग्रामसभेत व्हावा. कपाशीची लागवड कोणत्या तारखेआधी नाही आणि वावर कोणत्या तारखेला रिकामं, एवढ्या दोन तारखा जरी गावानं आणि शेजारच्या गावांनी मिळून पाळल्या, तरी अळीच्या अन्नात खंड पडेल. तुरीचे, ज्वारीचे पट्टे शेजारशेजारच्या वावरांत एका रांगेत आले, तर राखणी वाटून घेता येईल आणि डुकरांसाठीचं कुंपणही सामुदायिक घालता येईल.

पण या तारखा पाळणाऱ्याचं नुकसान भरून दिल्याशिवाय मी हे कुणालाही सांगणार नाही. फरदड सोडणारा मार्चपर्यंतच्या वेचण्या सोडतो. मे ऐवजी जूनमध्ये लावणारा विहिरीच्या पाण्याचा फायदा सोडतो. तो सगळ्या परिसरासाठी सोडतो, तर परिसराच्या वतीनं सरकारनं त्याला हेक्टरी ठरावीक रक्कम द्यावी, आणि ती ई-पीक पाहणीतल्या नोंदीवर, पंचनाम्याशिवाय, जानेवारीतच खात्यात जमा व्हावी. ज्वारी आणि तूर पेरणाऱ्या गावाला हमीभावाची खरेदी आपल्या तालुक्यात, वेळेवर मिळाली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तो पट्टा पुन्हा कपाशीचा होईल. पीकविम्यातही ज्या महसूल मंडळानं या तारखा पाळल्या, त्याला वेगळी वागणूक हवी. आज विमा उत्पादन बुडाल्यावर जागा होतो. जोखीम कमी करणाऱ्या गावाला त्यात कसलाच फायदा नाही.

कुणी म्हणेल, काय पेरायचं ते आता गाव ठरवणार का? शेतकऱ्याचा तो हक्क आहे आणि राहिला पाहिजे. म्हणूनच मी सक्ती मागत नाही, मोबदला मागतो. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या आपण सामुदायिक ठरवतोच, कारण पाणी एकाच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात जातं. पतंगही तसाच जातो.

आणि टोळधाडीला हे लागू होईल का? रब-अल-खालीतला पाऊस आपल्या ग्रामसभेचं ऐकणार नाही. ती पुन्हा येईल तेव्हा रात्रीचे बंब, केंद्राच्या टोळ इशारा संघटनेची आगाऊ सूचना आणि जागी राहिलेली माणसं यांचीच मदत लागेल. बोंडअळी, तुडतुडा, लष्करी अळी मात्र इथलेच. त्यांच्यासाठीचा नकाशा येत्या खरिपाआधी निदान प्रत्येक तालुक्यातल्या एका महसूल मंडळात तयार करून ग्रामसभांसमोर ठेवावा, आणि तो ठेवताना त्याच बैठकीत फरदड सोडणाऱ्याला किती रुपये आणि कोणत्या तारखेला मिळतील, ते लिहून द्यावं.